विखुरलेली संकेतस्थळे एका जागी आणताना

मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला. त्यामागील कारण शेतकरी बंधूंना वेगळे सांगावयास नको. एकाच खातेदाराचे चार गुंठे ओढ्याकाठी, सहा गुंठे शिवेवर आणि उरलेली जमीन गावठाणामागे असली, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवसाचा बराच भाग खर्ची पडतो, बांधाखाली जमीन वाया जाते आणि राखण तर कोठलीच धड होत नाही. शेतकऱ्यांचे गट, उत्पादक कंपन्या, पाणीवापर संस्था व दूध सोसायट्या यांच्या संकेतस्थळांची स्थिती आज कित्येक ठिकाणी अशीच झालेली आढळते. एक ब्लॉग कोणी हौसेने विनामूल्य जागेवर उघडलेला असतो, दुसरे संकेतस्थळ एखाद्या व्यावसायिकाकडून करवून घेतलेले असते, तिसरे महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने सुटीत तयार करून दिलेले असते. प्रत्येकाचे भाडे वेगळ्या महिन्यात भरावयाचे, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळ्या माणसापाशी. पाच-सात वर्षांनी यांपैकी एखादे बंद पडते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

संकेतस्थळ म्हणजे लेख, छायाचित्रे व नोंदी यांच्या फाइली होत. त्या रात्रंदिवस चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर ठेवाव्या लागतात. अशी जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायास होस्टिंग म्हणतात. एकाच होस्टिंग खात्यावर अनेक संकेतस्थळे ठेवता येतात, आणि गटांच्या लहान संकेतस्थळांना ते सहज पुरते. तेव्हा सर्व एकत्र आणणे सामान्यतः फायद्याचे आहे. तथापि हे स्थलांतर घाईने केल्यामुळे वर्षानुवर्षांच्या नोंदी कायमच्या नाहीशा होऊ शकतात. सबब हे काम कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार येथे केला आहे.

एका गटाचे चित्र

उदाहरणादाखल हळद व रब्बी ज्वारी पिकविणारा एक गट नजरेसमोर आणावा. त्याची चार ठिकाणी चार दुकाने आहेत. पहिले गटाचे मुख्य संकेतस्थळ. त्यावर सभासदांची यादी व सभेची सूचनापत्रे. दुसरे हळद पूड विकण्याचे. त्याचा पत्ता प्रत्येक पुडीवर छापलेल्या चौकोनी क्यूआर संकेतात आहे. तिसरे पाणीवाटपाच्या पाळ्यांचे. चौथा म्हणजे एका वडीलधाऱ्या सभासदाने अनेक वर्षे चिकाटीने लिहिलेला ब्लॉग. मालदांडी व दगडी ज्वारीची पेरणी कोणत्या नक्षत्रात केली, पाऊस किती झाला, काणी कोठे दिसली, कडबा किती निघाला, याच्या नोंदी त्यात आहेत आणि कणसांची छायाचित्रेही आहेत. ते गृहस्थ आता हयात नाहीत. हळदीची पूड दुसऱ्या मार्गानेही विकता येईल, पाळ्यांचे पत्रक चावडीवर लावता येईल. त्या ब्लॉगातील मजकूर मात्र दुसरीकडे कोठेही लिहिलेला नाही.

विनामूल्य जागेवर आहे म्हणून तो ब्लॉग सुरक्षित आहे, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या लक्षावधी लोकांनी आपली पाने विनामूल्य थाटली होती. १९९९ साली ती याहू कंपनीने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातील बराच मजकूर उतरवून घेतला, म्हणून तेवढा तरी वाचला.

नाव वेगळे, जागा वेगळी

या विषयात सर्वांत अधिक घोटाळा होतो तो येथे. संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, आणि संकेतस्थळाची जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव एका ठिकाणी नोंदविलेले असते. जागा दुसऱ्याच ठिकाणी भाड्याने घेतलेली असू शकते. जागा बदलली तरी नाव बदलावे लागत नाही. नावापुढे नव्या जागेचा पत्ता लिहिला की पुरते. म्हणून पुडीवर छापलेला क्यूआर संकेत स्थलांतरानंतरही चालू राहू शकतो. त्याकरिता एकच अट आहे: नाव गटाच्या ताब्यात असले पाहिजे.

पुष्कळदा ते नसते. संकेतस्थळ करून देणाऱ्या व्यावसायिकाने नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदविलेले असते. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असे नाही. घाईत सोपे पडते म्हणून तसे केलेले असते. परंतु त्याने व्यवसाय सोडला किंवा त्याच्याशी व्यवहार तुटला, तर गटास स्वतःच्याच नावावर हक्क सांगणे कठीण जाते. नावाची मुदत संपून ते वेळेवर वाढविले नाही, तर काही काळाने ते दुसऱ्या कोणासही घेता येते. यास्तव जागा हलविण्यापूर्वी नावाची नोंद गटाच्या नावे, गटाच्या ईमेलवर व गटाच्या मोबाइल क्रमांकावर करून घ्यावी. ईमेल एखाद्या पदाधिकाऱ्याचा खाजगी नसावा. मोबाइल क्रमांकाविषयी तर विशेष जपावे. कारण वापर थांबून बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो. पदाधिकारी बदलले की सातबारावर फेरफार करावा तसा येथेही बदल नोंदविला पाहिजे.

२०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरी लिपीत ‘.भारत’ हे नाव घेण्याची सोय झालेली आहे. ज्या गटाने असे नाव घेतले असेल त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणकांच्या आपापसातील व्यवहारात हे नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात लिहिले जाते, आणि त्या रूपाचा आरंभ ‘एक्सएन’ या अक्षरांनी व दोन आडव्या रेघांनी होतो. नव्या होस्टिंगवर देवनागरी नाव स्वीकारले जात नसेल, तर हे सांकेतिक रूप भरून पाहावे. बहुधा तेवढ्याने काम होते.

आधी नोंदवही, मग प्रत

कामास आरंभ करण्यापूर्वी एक वही घालावी. प्रत्येक संकेतस्थळाचे नाव, ते नाव कोठे नोंदविले आहे, मुदत केव्हा संपते, जागा कोणाची, खाते कोणाच्या ईमेलवर, त्यावर चालणारे ईमेल पत्ते कोणते, एवढे त्यात उतरवावे. पासवर्ड मात्र त्याच वहीत लिहू नयेत. ते वेगळ्या लखोट्यात बंद करून अध्यक्ष व सचिव यांच्या ताब्यात ठेवावेत. ही वही भरतानाच निम्म्या अडचणी उघड होतात.

त्यानंतर प्रत्येक संकेतस्थळाची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी. बहुतेक संकेतस्थळांचे दोन भाग असतात: एक फाइलींचा, ज्यात छायाचित्रे असतात, दुसरा डेटाबेसचा, ज्यात लेखांचा मजकूर असतो. एकाची प्रत घेऊन दुसऱ्याची राहिली, तर काम अर्धेच झाले. ब्लॉगच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. ब्लॉगमधून मजकूर उतरविण्याची जी सोय असते, तिच्यामधून मिळणाऱ्या फाइलीत लेख व वाचकांच्या प्रतिक्रिया येतात. छायाचित्रे सामान्यतः येत नाहीत, त्यांचे केवळ पत्ते येतात. नवी जागा ही फाइल वाचून त्या पत्त्यांवरून, म्हणजे जुन्याच ब्लॉगवरून, एकेक छायाचित्र ओढून घेते. तेही तसा पर्याय निवडला असेल तरच. येथे उतावळेपणा नडतो. मजकूर नव्या ठिकाणी दिसू लागला म्हणून कोणी जुना ब्लॉग पुसून टाकला, तर छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी राहतात. काही वेळा चित्रे दिसतातही, परंतु ती अजून जुन्याच जागेवरून येत असतात, आणि जुनी जागा बंद झाली की नाहीशी होतात. कणसाच्या एखाद्या छायाचित्राचा पत्ता उघडून त्यात जुने नाव आहे की नवे, हे पाहिल्यास याचा उलगडा होतो.

ब्लॉगचा पासवर्ड कोणापाशीच नसेल तर? गटाच्या उदाहरणात तसेच आहे. घरच्यांनी कै. सभासदाचा जुना मोबाइल व संगणक शोधावा. पुष्कळदा खाते त्यात उघडेच असते. तेही न साधल्यास निराश होण्याचे कारण नाही. ब्लॉग वाचावयास खुला आहे तोवर प्रत्येक पान उघडून त्याची प्रत साठविता येते. काम कंटाळवाणे खरे. परंतु दोघा-तिघांनी मिळून केल्यास थोड्या दिवसांत होण्यासारखे आहे, आणि शाळेतील वरच्या वर्गातील मुलेही ते करू शकतील. एखादे पान आधीच नाहीसे झाले असल्यास इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात पाहावे. ही अमेरिकी संस्था १९९६ पासून जगातील संकेतस्थळांची पाने साठवीत आली आहे. प्रत्येक पान तेथे सापडेलच असे नाही.

उतरविलेल्या प्रती दोन ठिकाणी असाव्यात. एक गटाच्या कार्यालयातील संगणकावर, दुसरी पेनड्राइव्ह अथवा हार्ड डिस्कवर दुसऱ्या कोणाच्या घरी. आणि प्रत उघडून पाहावी. बियाणे साठवून ठेवले म्हणजे उगवेलच असे नव्हे, यास्तव आपण उगवण तपासतो. तीच रीत येथेही.

मराठी अक्षरांची परीक्षा

इंग्रजी संकेतस्थळे हलविणाऱ्यांस जी अडचण क्वचितच येते ती मराठीस हमखास येते. संगणकात देवनागरी अक्षरांना युनिकोड पद्धतीत ठरीव क्रमांक दिलेले आहेत, आणि प्रचलित पद्धतीने एक अक्षरचिन्ह साठविण्यास तीन घरे लागतात. साध्या इंग्रजी अक्षरास एकच पुरते. नव्या जागेवरील डेटाबेस केवळ पाश्चात्य लिपीसाठी मांडलेला असेल, तर दोन प्रकारचे नुकसान होते. पहिल्या प्रकारात तीन घरांतील प्रत्येक घर वेगळे अक्षर समजले जाते, आणि ‘हळद’ या शब्दाऐवजी डोक्यावर टिंबे-रेघा असलेल्या रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. हे दिसावयास भयंकर असले तरी मूळ घरे शाबूत असतात. जाणकारास ते बहुधा दुरुस्त करता येते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. तेथे मूळ अक्षर पुसले गेलेले असते, आणि त्या डेटाबेसमधून ते परत मिळण्याचा मार्ग नाही. जुनी जागा किंवा उतरविलेली प्रत शिल्लक असेल तरच गटाचा निभाव लागतो.

म्हणून सर्व मजकूर एकदम नेऊ नये. आधी एकच लेख नेऊन पाहावा आणि त्यात ‘कृषी’, ‘तऱ्हा’, ‘ज्ञान’, ‘दुष्काळ’, ‘ॲप’, ‘डॉक्टर’ असे जोडाक्षरांचे व खास मराठी अक्षरांचे शब्द तपासावेत. यातील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ते ‘अ’ व चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच भासतात, परंतु एक रूप शोधले असता दुसरे सापडेलच असे नाही. यात कोणाचा दोष नाही. केवळ ठाऊक असावे.

याहून जुन्या संकेतस्थळांतून आणखी निराळा प्रकार आढळतो. तेथील मजकूर युनिकोडमध्ये नसून विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेला असतो. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांस मराठीचे रूप देतो. असा मजकूर हलविताना युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे अगत्याचे आहे. रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु रफार, पहिली वेलांटी व ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांच्या जागी ती चुकतात. रूपांतरानंतर एका माणसाने सर्व मजकूर मूळ पानाशी ताडून वाचावा. विशेषतः औषधांची मात्रा, बियाण्याचे प्रमाण व तारखा येथे आकडा बदललेला खपवून घेऊ नये.

पाण्याचे तोंड फिरविणे

नवी जागा घेतली, मजकूर नेला, तपासला; आता नावापुढील पत्ता बदलावयाचा. पाटाचे दार बदलले तरी शेवटच्या शेतापर्यंत नवे पाणी पोहोचण्यास वेळ लागतो, तसेच येथे घडते. जगभरचे संगणक जुना पत्ता काही काळ स्मरणात ठेवतात. हा काळ सेकंदांत लिहिलेला असतो. पुष्कळ ठिकाणी तो ८६४००, म्हणजे पुरता एक दिवस असतो. बदल करण्यापूर्वी एक-दोन दिवस तो ३०० सेकंदांवर आणून ठेवल्यास पुढचा बदल लवकर पसरतो. नावाचा सर्व कारभारच, म्हणजे नेमसर्व्हर, बदलावयाचे असल्यास ४८ तासांपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. त्या अवधीत काही गिऱ्हाइकांना जुने दुकान दिसते, काहींना नवे. विक्रीच्या संकेतस्थळावर यामुळे एखादी मागणी जुन्या ठिकाणी नोंदली जाऊन अडकू शकते. तेवढ्या दिवसापुरती मागणी घेणे थांबवून फोन क्रमांक देणे बरे.

ईमेलचा विसर सर्वाधिक पडतो. गटाच्या नावाने चालणारे ईमेल पत्ते असतील, तर टपाल कोठे पोहोचवावयाचे याची नोंदही नावाच्याच कारभारात असते. नेमसर्व्हर बदलताना ती नोंद नव्या ठिकाणी उतरविली नाही, तर संकेतस्थळ उत्तम चालते आणि पत्रे मात्र येईनाशी होतात. व्यापाऱ्याचे पत्र आले नाही म्हणजे त्याने लिहिलेच नाही, असे गट समजतो. बदलानंतर लगेच बाहेरच्या पत्त्यावरून एक पत्र धाडून पाहावे व एक तिकडे लिहून पाहावे.

दिवस कोणता निवडावा? हळद काढून शिजविण्याच्या व विक्रीच्या हंगामात हे काम हाती घेऊ नये. पाणीवाटपाचे संकेतस्थळ आवर्तन चालू असताना हलवू नये. चारही एकदम हलविण्याचा मोह टाळावा. प्रथम सर्वांत लहान व कमी वापराचे न्यावे. त्यात ज्या चुका होतील त्या पुढच्या वेळी होत नाहीत.

ब्लॉगला स्वतःचे नाव नसेल व तो सेवेच्या फुकट पत्त्यावर असेल, तर पत्ताच बदलतो. स्वतःच्या नावावर असलेल्या संकेतस्थळात जुन्या पानावरून नव्या पानाकडे वाचकास आपोआप वळविता येते. ‘३०१’ या क्रमांकाची सूचना त्यासाठीच आहे, आणि शोधयंत्रेही ती मानतात. फुकट पत्त्यावर ही सोय बहुधा मिळत नाही. तेथे खाते हाती असल्यास पहिल्याच पानावर नवा पत्ता ठळक लिहून ब्लॉग तसाच राहू द्यावा.

एका कणगीतले धान्य

सर्व संकेतस्थळे एका जागी आणली म्हणजे धोकाही एका जागी येतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या होस्टिंग कंपनीच्या इमारतीस रात्री आग लागली. सुमारे ३६ लाख संकेतस्थळे त्यामुळे बंद पडल्याचा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला. ज्यांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांपैकी कित्येकांचे सर्वस्व गेले. होस्टिंग कंपनी स्वतः प्रती ठेवते हे खरे. परंतु तेवढ्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. गटाने दरमहा एक प्रत स्वतः उतरवून घ्यावी, व ती त्या कंपनीच्या जागेत नसावी.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. एकाच खात्यातील एका संकेतस्थळास घातक प्रणालीची लागण झाली, तर ती शेजारच्या संकेतस्थळांत पसरू शकते. जे संकेतस्थळ कोणी पाहत नाही, ज्याचे अद्ययावतीकरण वर्षभरात झालेले नाही, त्यातूनच बहुधा शिरकाव होतो. पाळ्यांचे जुने पत्रक दाखविणारे संकेतस्थळ चालविण्याची गरज उरली नसेल, तर ते हलविण्याऐवजी त्याची प्रत ठेवून ते बंद करावे. रोगट रोप पुनर्लागवडीत कोणी घेत नाही. शक्य असल्यास विक्रीच्या संकेतस्थळास त्याच कंपनीत वेगळे खाते द्यावे; थोडे भाडे अधिक पडेल, पण पैशाचा व्यवहार तेथेच होतो.

ग्रामपंचायतीचे किंवा अन्य शासकीय कार्यालयाचे संकेतस्थळ मात्र या एकत्रीकरणात घेऊ नये. शासकीय संकेतस्थळांची व्यवस्था निराळी असून तिचे मार्गदर्शन राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र करते. सोयीखातर गटाच्या भाड्याच्या जागेत ते ठेवल्यास पुढे जबाबदारीचा प्रश्न येतो.

खर्चाविषयी दोनच गोष्टी. जाहिरातीतील दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो. दुसऱ्या मुदतीचा दर कितीतरी अधिक असू शकतो, तो आधी विचारावा. आणि सांगितलेल्या दरावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा लागतो.

जुनी जागा सोडताना

नवी जागा व्यवस्थित चालू लागल्यावर निदान एक महिना जुनी जागा चालू ठेवावी. या अवधीत राहून गेलेली छायाचित्रे, न उघडणारे लेख व हरवलेली पत्रे लक्षात येतात. मराठी शीर्षकावरून तयार झालेले लेखांचे लांबलचक पत्ते नव्या ठिकाणी कधीकधी तुटतात. ते दहा-वीस उघडून पाहावेत. पुडीवरील क्यूआर संकेत दोन-तीन निरनिराळ्या मोबाइलवर तपासावा.

मग जुन्या खात्यातील मजकूर पुसावा, नुसते भाडे थकवून ते सोडून देऊ नये. सभासदांचे आधार क्रमांक, बँक पासबुकाची छायाचित्रे, सातबाराचे उतारे अशा वस्तू जुन्या फाइलींत हमखास निघतात. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा विचार करता त्या परक्या संगणकावर बेवारस टाकणे योग्य नव्हे. ज्या व्यावसायिकास कामापुरता पासवर्ड दिला होता त्याचे काम संपताच तो बदलावा. शेवटी जुन्या भाड्यासाठी बँक खात्यातून दरसाल आपोआप होणारी वजावट रद्द करून, रद्द केल्याची तारीख आरंभी घातलेल्या वहीत लिहून ठेवावी.